मॉडेलच्या खांद्यावर बंदूक ठेवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
संगणकीय मॉडेलच्या आधारे निर्णय घेणाऱ्या समित्या, विभागप्रमुख आणि त्यांचे सल्लागार

विषय : ‘मॉडेलनुसार हाच पर्याय योग्य ठरतो’ या वाक्याबाबत

महोदय, महोदया,

विषयात लिहिलेलं वाक्य तुमच्या टिपणांत, आदेशांत आणि पत्रकार परिषदांत आता इतकं रुळलं आहे की ते वाचताना कोणी अडखळत नाही. धरणाचे दरवाजे कधी उघडायचे, रुग्णालयात खाटा किती ठेवायच्या, कोणाच्या अर्जाची चौकशी लावायची, सगळ्याचा शेवट याच वाक्याने होतो. मॉडेल (म्हणजे डेटा आणि गृहीतकं घालून उत्तर काढणारं संगणकातलं गणित) कोणतं, डेटा कोणत्या तारखेपर्यंतचा, गृहीत काय धरलं, यातलं काहीही त्या वाक्याच्या आसपास सापडत नाही. कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं : संगणकानेच सांगितलंय.

हे पत्र मॉडेलं बांधणाऱ्या, चालवणाऱ्या आणि दुसऱ्यांची मॉडेलं तपासणाऱ्या लोकांचं आहे. आमचा यातला संबंध सरळ आहे. निर्णय फसला की ‘मॉडेल चुकलं’ म्हणून तुम्ही मोकळे होता. मॉडेलला चौकशी समितीसमोर उभं करता येत नाही, आणि आमच्या कामावरचा लोकांचा विश्वास मात्र जातो. शिवाय त्या पूररेषेत, त्या रांगेत आणि त्या चौकशीच्या यादीत इतरांसारखे आम्हीही असतो.

मॉडेलं वापरू नका, असं आमचं म्हणणं नाही. मॉडेल नीट वापरलं तर काय होतं, ते हवामानशास्त्राने दाखवून दिलं आहे. १९९२च्या डिसेंबरात युरोप आणि अमेरिकेतल्या मोठ्या अंदाज केंद्रांनी रोज एकच अंदाज काढायची पद्धत बदलली. सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तेच मॉडेल अनेकदा चालवायचं आणि उत्तरं कुठे एकत्र राहतात, कुठे फाकतात ते बघायचं. युरोपीय केंद्राच्या संचात पुढे असे ५१ रन झाले : ५० बदललेले, एक मूळ. उत्तरं एकवटलेली असतील तर भरवसा जास्त, फाकली तर कमी. मॉडेलने आपली शंका स्वतःच मोजून हाती देणं, ही या कामातली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. आणि तुमच्या दालनात शिरताना दारातच काढून ठेवली जाते ती नेमकी हीच. आमच्या तक्रारी अशा :

१. मॉडेल वरातीमागून येतं

निर्णय ठरतो, बातमी बाहेर जाते, आणि मग निरोप येतो की याला जरा मॉडेलचा आधार हवा. अशी मॉडेलं जाणकाराच्या लगेच लक्षात येतात. तुलनेला तीन पर्याय असतात, त्यातले दोन कोणीही निवडणार नाही असे. एखाद्या पॅरामीटरशेजारी, म्हणजे मॉडेलमध्ये आधीच ठरवून घातलेल्या आकड्याशेजारी, ‘तज्ज्ञांच्या मते’ एवढीच टीप असते आणि त्याची किंमत बरोबर अशी असते की मंजूर झालेला पर्याय थोडक्यात जिंकावा. तीस रन झालेले असतात, अहवालात एकच असतो.

मॉडेल मागवण्याआधी तीन ओळी कागदावर याव्या लागतात. कोणते पर्याय खरोखर खुले आहेत? चांगलं-वाईट कशाने मोजायचं? आणि कोणतं उत्तर आलं तर तुम्ही मत बदलाल? तिसरी ओळ लिहिता येत नसेल तर मॉडेल मागवूच नका. मॉडेलशिवाय निर्णय घ्यायचा अधिकार तुम्हाला आहेच. आमची हरकत सोंगाला आहे.

२. पल्ला कापून एकच आकडा उचलला जातो

१९९७मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात रेड नदीला मोठा पूर येणार, हे हिवाळ्यातच दिसत होतं. बर्फच तेवढा साठला होता. ग्रँड फोर्क्स शहरासाठी राष्ट्रीय हवामान सेवेचा अंदाज होता ४९ फूट. शहराने ५१ फुटांच्या आसपास पाणी पेलेल अशा बेताने बंधारे उंचावले. दोन फूट हातचे राखले आहेत, असा सर्वांचा समज. एप्रिलमध्ये नदी ५४ फुटांवर गेली आणि जवळपास सगळं शहर रिकामं करावं लागलं.

या गोष्टीत अंदाज वाईट होता असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. आठवडेच्या आठवडे आधी दिलेला अंदाज पाच फुटांनी, म्हणजे दहाएक टक्क्यांनी हुकला. एवढी चूक आधीच्या पुरांतही होत आली होती आणि जुन्या नोंदींवरून ती काढता आली असती. पण लोकांपर्यंत गेला तो नुसता ४९. कोणी तो पाण्याची कमाल पातळी म्हणून वाचला, कोणी नेमकी पातळी म्हणून. ‘४९, पण ४४ ते ५४मध्ये कुठेही’ असं वाक्य गेलं असतं तर ५१ फुटांचा बंधारा अपुरा आहे हे सांगायला तज्ज्ञ लागला नसता.

असा पल्ला, म्हणजे उत्तर कुठपासून कुठपर्यंत असू शकतं ते, नुसता प्रामाणिकपणासाठी लागत नाही, निर्णयाच्या हिशेबातच लागतो. समजा, खबरदारीचा खर्च १० एकक आहे आणि खबरदारीमुळे टळणारं नुकसान १०० एकक. मग धोक्याची शक्यता १० टक्क्यांच्या वर गेली की खबरदारी परवडते. आता मॉडेल सांगतं की शक्यता २० टक्के. ‘बहुधा काही होणार नाही’ असं टिपणात लिहिलं तर ते खोटं नाही, पण त्यावरून घेतलेला ‘काही करू नका’ हा निर्णय चुकीचा आहे, कारण २० हे १०च्या दुप्पट आहेत. हा १० टक्क्यांचा उंबरठा खर्चाच्या आणि नुकसानाच्या गुणोत्तराने ठरतो. तो ठरवणं तुमचं काम, शक्यता काढून देणं आमचं. ‘बहुधा’ या शब्दात दोन्ही कामं बुडतात.

पल्ला दिला की लोकांचा संभ्रम होतो, असं तुम्ही म्हणता. संभ्रम आधीच आहे. आकडा लपवल्याने तो कमी होत नाही, फक्त बंधाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत उशिरा पोचतो.

पल्ला काढायलाही वेळ द्यावा लागतो. शंभरात एकदा घडणारी घटना शंभर रनांत सरासरी एकदा दिसते, आणि असे शंभर-शंभर रनांचे संच काढत गेलात तर त्यातल्या ३७ टक्के संचांत ती एकदाही दिसणार नाही. ती एक टक्का शक्यता ०.२ टक्क्यांच्या आतबाहेर हवी असेल तर सुमारे दहा हजार रन लागतात. अचूकता दुप्पट हवी तर रन चौपट. ‘उद्या सकाळपर्यंत पाठवा’ म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा डोळ्यांखालून घालावा.

३. सरासरीवर आखणी होते

एक खिडकी घ्या. एका माणसाच्या कामाला सरासरी १० मिनिटं लागतात. तासाला सहा माणसं आली तर खिडकी पूर्ण वापरली जाईल, असं सरासरी सांगते, म्हणून तुम्ही खिडक्यांची संख्या त्या बेताने ठेवता. पण माणसं ठरलेल्या अंतराने येत नाहीत आणि सगळ्यांचं काम सारखं नसतं. येणं आणि काम दोन्ही अनियमित धरून रांगेचं साधं सूत्र लावलं की असं दिसतं : खिडकी ८० टक्के वेळ व्यग्र असेल तर नंबर लागेपर्यंत सरासरी ४० मिनिटं. ९० टक्के व्यग्र असेल तर ९० मिनिटं. ९५ टक्क्यांना १९० मिनिटं. आणि १०० टक्क्यांना रांग संपतच नाही, ती वाढत राहते.

८० वरून ९५वर नेताना ‘वापर सुधारला’ असं सादरीकरणात हिरव्या रंगात दिसतं. रांगेतल्या माणसाचा वेळ पावणेपाच पट झाला, हे त्या पाटीवर कुठेच नसतं. रुग्णालयाच्या खाटा, अतिदक्षता कक्ष, रुग्णवाहिका, न्यायालयातल्या तारखा, सगळ्यांना हे लागू आहे. उपाय दर वेळी खिडकी वाढवणं हाच असतो असंही नाही. प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळ नेमका सारखा करता आला तर त्याच सूत्राने प्रतीक्षा निम्मी होते, म्हणून कधीकधी अर्जाचा नमुना सोपा करणं नवीन खिडकीपेक्षा स्वस्त पडतं. पण हे कळायला सरासरीबरोबर चढउतार मोजलेला असावा लागतो. तुमच्या माहितीसाठ्यात तो बहुधा नसतोच. महिन्याची बेरीज असते, आलेल्याची वेळ नसते.

सरासरीने माणसांचं काय होतं याचा सर्वांत कठोर नमुना ऑस्ट्रेलियात घडला. रोबोडेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेत करखात्याकडचं वर्षाचं उत्पन्न २६ पंधरवड्यांत समान वाटून टाकलं आणि भत्ता घेणाऱ्यांनी कळवलेल्या उत्पन्नाशी ताडून पाहिलं. जो माणूस १३ पंधरवडे कामावर होता आणि १३ पंधरवडे बेकार, त्याने दोन्ही काळ प्रामाणिकपणे कळवले असले तरी भागाकाराने बेकारीच्या काळातही उत्पन्न दाखवलं आणि त्याच्या नावावर देणं निघालं. ते खोटं आहे हे सिद्ध करायला जुन्या पगारपावत्या त्यानेच शोधायच्या. २०१९मध्ये ही पद्धत कायद्याला धरून नसल्याचं सरकारला मान्य करावं लागलं आणि २०२३मध्ये या योजनेची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल आला. यात गुंतागुंतीचं मॉडेल नव्हतंच. एक भागाकार होता, आणि ‘उत्पन्न वर्षभर सारखं असतं’ हे कोणी मोठ्याने वाचून न दाखवलेलं गृहीतक.

४. जे मोजायला सोपं तेच मोजलं जातं

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचा साठा अंदाजताना एक मोठा आधार होता व्यापारी जहाजांना ठरावीक मेहनतीत मिळणारी मासळी. मासे कमी झाले की ती घटेल, असं धरलेलं. पण साठा आटत गेला तसे उरलेले मासे दाटीने एकत्र येत राहिले, आणि जहाजांकडे त्यांना हुडकणारी यंत्रणा होती. त्यामुळे दर जहाजामागे मासळी चांगलीच दिसत राहिली आणि साठ्याचा अंदाज फुगत गेला. जुलै १९९२मध्ये कॅनडा सरकारला मासेमारी थांबवावी लागली आणि सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार गेला. किनाऱ्याजवळ मासेमारी करणारे, मासे कमी आणि लहान मिळतात हे आधीपासून सांगत होते. त्यांचं बोलणं कुठल्याही रकान्यात बसत नव्हतं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या आरोग्यसेवेचं. कोणत्या रुग्णाला जास्त देखभाल लागेल हे ठरवणारं एक मॉडेल आजाराऐवजी खर्चाचा अंदाज करत होतं, कारण खर्चाचा डेटा तयार होता. ज्यांच्यावर मुळात कमी खर्च होत आला ते आजारी असूनही यादीत खाली गेले. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं निघालं की हा दोष काढला तर जादा देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीय रुग्णांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल. खर्चाचा अंदाज करण्यात ते मॉडेल चांगलं होतं. पण प्रश्न खर्चाचा नव्हता.

५. ‘९९ टक्के अचूक’ म्हणून याद्या निघतात

हे गणित शाळकरी आहे, तरी ते एकाही आदेशात केलेलं आढळत नाही. एक लाख अर्जदार आहेत. त्यातले खरे लबाड हजारी एक, म्हणजे १००. मॉडेल लबाडांपैकी ९९ टक्के पकडतं आणि प्रामाणिक लोकांपैकी ५ टक्क्यांवर चुकून बोट ठेवतं. मग यादीत ९९ लबाड येतील आणि ४,९९५ प्रामाणिक. यादीतल्या दर शंभरांत दोघे लबाड.

अशी यादी अगदीच निरुपयोगी नसते. हजारी एक होता तिथे शंभरी दोन झाले, म्हणजे चौकशी कुठे सुरू करायची हे ठरवायला ती कामाची आहे. मात्र त्याच यादीवरून भत्ता थांबवणं म्हणजे एका लबाडापायी पन्नास प्रामाणिक लोकांची अन्न-औषधं अडवणं.

६. तपासणी म्हणजे सहीचा रकाना

२०१०मध्ये सार्वजनिक कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरचा एक शोधनिबंध आला आणि पुढची काही वर्षं काटकसरीच्या धोरणांच्या बाजूने त्याचा हवाला दिला गेला. कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की सरासरी वाढ उणे ०.१ टक्के, असा त्यातला आकडा. २०१३मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याच्या हाती मूळ स्प्रेडशीट आली. सरासरीचं सूत्र ३० ते ४९ या ओळींऐवजी ३० ते ४४ या ओळींवरच चालत होतं आणि पाच देश बाहेर राहिले होते. ही चूक, गाळलेली वर्षं आणि देशांना वजन देण्याची पद्धत अशा तिन्ही गोष्टी दुरुस्त केल्यावर आकडा अधिक २.२ टक्के झाला. एकट्या स्प्रेडशीटच्या चुकीचा वाटा त्यात लहान होता, हेही नोंदवलं पाहिजे. पण स्प्रेडशीट उघडल्याशिवाय तिन्हींपैकी एकही गोष्ट दिसली नसती.

२०१२मध्ये ब्रिटनच्या वाहतूक खात्याला वेस्ट कोस्ट या मुख्य रेल्वेमार्गाचा ठेका रद्द करावा लागला. महागाई आणि प्रवासीसंख्या हिशेबात धरताना चुका झाल्या होत्या. त्यानंतर तिथे सरकारी मॉडेलांचा आढावा घेतला गेला आणि २०१५मध्ये ॲक्वा बुक ही मार्गदर्शिका निघाली : मॉडेल मागवणारा, करणारा आणि तपासणारा या भूमिका वेगळ्या हव्यात, आणि तपासणी किती कडक ते निर्णयाच्या वजनावरून ठरवावं. म्हणजे हे कसं करायचं ते अज्ञात नाही. करायचं की नाही, एवढंच बाकी आहे.

नेहमी सापडणाऱ्या चुका साध्या असतात. मधे ओळ घातली आणि सूत्राचा पल्ला वाढला नाही. सूत्राच्या पोटात कोणीतरी हाताने आकडा ठोकून ठेवला. एका तक्त्यात हजार, दुसऱ्यात लाख. एकीकडे महागाई धरलेली, दुसरीकडे न धरलेली. रिकामा रकाना शून्य म्हणून वाचला गेला. आणि ‘अंतिम’ नावाच्या चार फायली. यासाठी प्रगत विद्या लागत नाही. मागणी शून्य करा, मागणीनुसार बदलणारा खर्च शून्य झाला पाहिजे. पाऊस दुप्पट करा, पातळी खाली जाता कामा नये. धरणात आलेलं पाणी वजा गेलेलं पाणी बरोबर साठ्यातला फरक, हा ताळा जमलाच पाहिजे. आणि ज्याने मॉडेल बांधलं नाही अशा माणसाने त्यातला एक तरी निकाल कागदावर हाताने काढून पाहावा.

संवेदनशीलता चाचणी, म्हणजे गृहीत आकडे बदलले तर निकाल किती हलतो ते पाहणं, हा दुसरा देखावा. एकेक पॅरामीटर १० टक्क्यांनी वरखाली करायचा, बाकीचे जागच्या जागी ठेवायचे, आणि ‘निकाल स्थिर आहे’ असं लिहायचं. प्रत्यक्षात पाऊस जास्त, वाळू साचलेली आणि दरवाजा अडकलेला, हे एकाच रात्री होतं. दहा पॅरामीटर असतील तर एकेक हलवून तुम्ही ज्या भागात फिरता तो सगळा मिळून एकूण शक्यतांच्या फार तर ०.२५ टक्के भरतो. हे भूमितीचं उत्तर आहे : दहा मितींच्या चौकोनी पेटीत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या गोलाचं आकारमान पेटीच्या तेवढंच असतं. पॅरामीटर एकत्र हलवले पाहिजेत. त्यासाठी लागणाऱ्या पद्धती १९७०च्या दशकापासून उपलब्ध आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात.

७. नंतर कोणी हिशेब मांडत नाही

‘७० टक्के शक्यता’ असं शंभरदा सांगितलं असेल तर त्यातल्या सत्तरेक वेळा ती गोष्ट घडायला हवी. हे तपासायचं माप हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५०मध्ये दिलं : सांगितलेली शक्यता आणि घडलेलं (घडलं तर १, नाही तर ०) यांतल्या फरकाचा वर्ग, आणि त्याची सरासरी. जितकी कमी तितकं बरं. दर वेळी डोळे मिटून ५० टक्के सांगणाऱ्याला ०.२५ मिळतात. तुमचं मॉडेल ०.२५च्या कुठल्या बाजूला आहे? हे सांगता येत नसेल तर कारण एकच असतं, जुने अंदाज कोणी जपलेले नसतात.

मॉडेल जुनंही होतं. शोधशब्दांवरून फ्लूची साथ ओळखणारं गूगलचं मॉडेल २००८मध्ये आलं तेव्हा वाखाणलं गेलं. २०१२-१३च्या हंगामात त्याने प्रत्यक्षाच्या दुपटीच्या आसपास आकडे दिले आणि २०१५मध्ये ते बंद झालं. तिथे निदान कोणीतरी ताडून बघत होतं.

एक अडचण आम्हालाही मान्य आहे. अंदाजामुळे निर्णय बदलला तर अंदाज खरा ठरत नाही, आणि मग मॉडेलवर उगाच खापर फुटतं. मार्च २०२०मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने ब्रिटनसाठी ५ लाख १० हजार मृत्यूंचा आकडा दिला, तो काहीच उपाय न केल्यास काय होईल याचा होता. पुष्कळांनी तो भविष्यवाणी म्हणून वाचला आणि नंतर ‘कुठे मेले तेवढे?’ म्हणून हिणवलं. म्हणूनच ‘अमुक केलं तर’ ही अट आकड्यापासून कधीच तोडू नये. पण हे कारण पुढे करून कुठलाच ताळा न घेणं चालणार नाही.

आमच्या बाजूनेही दोष आहेत. शंका आम्ही परिशिष्टात ढकलतो, आलेख असे काढतो की आम्हालाच वाचता यावेत, आणि दशांशानंतर चार अंक लिहून नसलेली अचूकता मिरवतो. मागवणाऱ्याला काय ऐकायचं आहे हे ओळखून गप्प बसणारेही आमच्यात आहेत. ते आम्ही सुधारायचं आहे, आणि खालच्या मागण्यांपैकी निम्म्या आमच्यावरही बंधन घालतात.

आमच्या मागण्या :

पहिली. मॉडेलवर आधारलेल्या प्रत्येक निर्णयासोबत एक पान जाहीर करा. त्यावर प्रश्न, तुलनेतले सगळे पर्याय, मॉडेलचं नाव आणि आवृत्ती, डेटाची शेवटची तारीख, निकाल ज्यांवर सर्वांत जास्त अवलंबून आहे ती पाच गृहीतकं, आणि निर्णय घेणाऱ्याचं नाव असावं. एक पान. दोनशे पानी अहवाल हा त्याला पर्याय नाही.

दुसरी. पल्ल्याशिवाय आकडा स्वीकारू नका. पल्ला नसलेला अहवाल परत पाठवा, आमचा असला तरी.

तिसरी. प्रत्येक मॉडेलची तुलना एका बाळबोध अंदाजाशी करा : ‘उद्या आजच्यासारखंच’ किंवा ‘यंदा मागच्या पाच वर्षांच्या सरासरीइतकं’. त्यापेक्षा सरस ठरत नसेल तर ते मॉडेल घेऊ नका. तुलना जुन्या डेटावर शिकवून नंतरच्या डेटावरच व्हावी. काळाने क्रम लागलेला डेटा पत्त्यांसारखा पिसून त्यातला भाग चाचणीला ठेवला, तर मॉडेलला उद्याचं उत्तर आजच दिसतं आणि गुण फुकटचे मिळतात.

चौथी. तपासणारा वेगळा असावा. ज्या कंपनीने मॉडेल विकलं तिनेच ते योग्य असल्याचं प्रमाणपत्र देऊ नये. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या मॉडेलचा कोड आणि गृहीतकं तपासायला मिळतील, असं कलम करारातच घाला. ‘व्यापारी गुपित’ हे उत्तर कोणाचा भत्ता थांबवताना चालणार नाही.

पाचवी. ज्याच्यावर मॉडेलने बोट ठेवलं त्याला कारण कळलं पाहिजे, आणि निकाल फिरवायचा अधिकार असलेल्या माणसापर्यंत पोचता आलं पाहिजे. तोपर्यंत पैसे, औषध, प्रवेश काहीही थांबू नये. सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची.

सहावी. अंदाज तारखेसह जपा आणि दर सहा महिन्यांनी ताळा जाहीर करा. प्रत्येक मॉडेलला मुदत द्या. मुदत संपली की ते नव्याने तपासल्याशिवाय वापरात राहू नये.

सातवी. ‘या प्रश्नाचं उत्तर हे मॉडेल देऊ शकत नाही’ असं लिहिणाऱ्याला काम अपुरं म्हणून नाकारू नका. बऱ्याचदा अहवालातलं सर्वांत महाग आणि सर्वांत उपयोगी वाक्य तेच असतं.

आणि आठवी, जिला खर्च काहीच नाही. ‘मॉडेलनुसार हाच पर्याय योग्य ठरतो’ हे वाक्य बंद करा. त्याऐवजी असं लिहा : ‘मॉडेलने अमुक पल्ला दिला. अमुक गृहीतक चुकलं तर निकाल उलटतो. हे पाहून मी हा निर्णय घेतला, कारण…’ आणि कारणाखाली सही करा.

यातल्या ज्या मागण्या तुम्हाला मान्य नसतील त्या क्रमांकासह आणि कारणासह जाहीरपणे कळवा. ‘व्यवहार्य नाही’ एवढं लिहून भागणार नाही. कोणत्या कामाला किती माणसं आणि किती दिवस जादा लागतात, तेही लिहा. तो हिशेब आम्ही विनामोबदला तपासून देऊ.

कळावे,

मॉडेलं बांधणारे, चालवणारे आणि तपासणारे